एका डोळ्याचे किती?

४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. पत्ता मुद्दाम तुझ्या भाऊजींच्या अक्षरात लिहून घेतला. माझं अक्षर बघून तू ते तसंच कपाटावर टाकलं असतंस, हे मला माहीत आहे आणि तुलाही. रागावायचं तर त्यांच्यावर रागाव. ते म्हणाले, "चार वर्षांनी सख्ख्या बहिणीला पत्र लिहितेस आणि सुरुवात लबाडीनं?" म्हटलं, तुम्ही पत्ता लिहा, शेरे नकोत.

आम्ही दोघं बरे आहोत. त्यांचे गुडघे त्यांच्या आणि माझी पाठ माझ्या मर्जीनं चालते. घराला रंग दिला. पुढच्या खोलीची मोठी खिडकी तशीच आहे आणि खिडकीजवळचं टेबलही.

शेजारी नव्या बाई राहायला आल्यात. परवा विचारत होत्या, तुम्ही नेमकं काय करता? सांगितलं, ज्यांचा एक डोळा गेला त्यांच्यासाठी शाबूत डोळ्यासारखा दिसणारा कृत्रिम डोळा बनवते. खोबणीचा साचा घेते, बुबुळ हातानं रंगवते. "अय्या, आणि त्यातून दिसतं?" म्हटलं, "त्यांना नाही दिसत हो. पण मग लोक त्यांच्याकडे टक लावून बघत नाहीत." त्यावर त्या म्हणाल्या, "एका डोळ्याचे किती घेता?"

मी सहा हजार सांगितले. त्या म्हणाल्या, "इतके कमी?" टिल्लू, वीस-बावीस वर्षांत मला हे विचारणारं दुसरं माणूस त्या. पहिली तू होतीस.

तर पत्राचं कारण कामाचं आहे. हॉस्पिटलचा करार मार्चअखेर संपतोय. मॅनेजरसाहेबांनी नवा कागद पाठवला आहे. वर्षाला साठ डोळ्यांऐवजी आता नव्वद हवेत. खाली ‘दर’ असं छापलंय आणि पुढे रिकामी रेघ. फोनवर म्हणाले, "ताई, तोच सहा लिहून टाका, तुमचं आमचं काय, घरचंच आहे." मी पेन उचललं आणि सहा लिहिता येईना. आठवडा झाला, कागद तसाच आहे.

दर कसा लावायचा हे मला कधी कळलंच नाही. तुला कळत होतं. म्हणून विचारते. एका कार्डावर चार ओळी लिहिल्यास तरी पुरे.

मावशीकडून कळलं की तू हे काम सोडलंस आणि चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतेस. चांगलंच आहे. पहिल्या तारखेला पगार, रविवारी सुट्टी.

त्या वेळचं उगाळत नाही. फक्त इतकंच की मॅनेजरांचा फोन आला तेव्हा तू त्यांना बारा हजार सांगितले आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, मी सवयीनं बोलून गेले. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तुला पटलं नाही.

तुझी
ताई

१९ फेब्रुवारी

टिल्लू,

कार्ड आलं नाही. हरकत नाही. पोस्टमन आला की तुझे भाऊजी माझ्या आधी फाटकाशी पोचतात आणि हात हलवत परत येतात. काही बोलत नाहीत. त्यांच्यासारख्या बडबड्या माणसाला ते किती जड जात असेल बघ.

मग आम्ही दोघांनीच दर काढायला घेतला. आधी त्यांची पद्धत. ते म्हणाले, "किती तास लागतात ते सांग, तासाला इतके धरू, गुणाकार करू, संपलं." मी आठवून सांगितलं. सुरुवातीला एका डोळ्याला चार दिवस लागायचे. बुबुळामधली काळी बाहुली कधी मोठी व्हायची, कधी बाजूला सरकायची, पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू शिरांसारखे चिकटवताना माझा श्वास लागून उडून जायचे. आता सगळं दीड दिवसात होतं. त्यांनी गुणाकार केला आणि कागदाकडे बघत बसले.

"म्हणजे तू जितकी तरबेज झालीस तितके तुला पैसे कमी?"

"तसंच दिसतंय."

"मग चुका करत जा की जरा! चार दिवस लाव. श्रीमंत होऊ."

खूप हसलो. हसून झाल्यावर मला तू आठवलीस. ह्याच खोलीत उभी राहून तू म्हणाली होतीस, "ताई, लोक तुझ्या दीड दिवसाचे पैसे देत नाहीयेत, तो दीड दिवस शिकायला लागलेल्या वर्षांचे द्यायला हवेत." मी तेव्हा म्हणाले होते, "भाषण पुरे, ते पॉलिशचं चाक बंद कर, कानठळ्या बसतात."

दुसरी पद्धत माझी. बाकीचे काय घेतात ते बघायचं. पण बाकीचे कोण? ह्या भागात हे काम करणाऱ्या आपण दोघीच होतो. शेवटच्या भांडणात तू हेच तर म्हणालीस. "तू सहा सांगितलेस की तो एकट्या तुझा दर राहत नाही, माझाही होतो. तू परस्पर माझा भाव पाडलास." मी म्हणाले, "मी कोणाचा भाव पाडत नाही, मी गरिबांचा विचार करते." आणि मग तू तो कोपऱ्यावरचा भाड्यानं घेतलेला गाळा महिन्याभरात रिकामा केलास.

गरिबांचा विचार. टिल्लू, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते आता माझ्या आवाजात आपोआप वाजतं.

हॉस्पिटलवाल्यांनी कागदासाठी आठवण केली. "ताई, नव्वद म्हणजे काम किती वाढलं बघा, तुमचाच फायदा." मी हो हो म्हणाले. ते महिन्यातून दोनच दिवस माणसं पाठवतात, सगळी एकदम. फोन ठेवल्यावर बोटं मोजली तर त्या दिवसाला जवळपास... जाऊ दे. आत्ताही साठ म्हणत ऐंशीच्या घरात जातात. कधीकधी दिवसाला तीन माणसं बसवते. ऊन गेलं की ट्यूबलाइट लावते.

हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. मला इथून दिसली.

ताई

२ मार्च

टिल्लू,

आज जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही, ह्या कामातल्या माणसालाच कळेल. म्हणून उत्तर नसतानाही लिहिते.

वाचनालयातल्या बाई आल्या होत्या. तुला त्या माहीत नाहीत, हॉस्पिटलमार्फत आल्या. पन्नाशीच्या, शांत, पुस्तक हातात घेतात तसं प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी घेतात. उजवा डोळा मी गेल्या वर्षी करून दिला. वर्षाचं पॉलिश करायला आल्या. मी डोळा काढून घेतला, धुतला, चाकावर धरला, चकाकी आणली, परत बसवून दिला. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीतून छान उजेड येत होता. त्या खिडकीकडे वळल्या आणि मी बघितलं.

दोन डोळे दोन रंगांचे होते.

फार नाही. डावा मधासारखा तपकिरी, आणि माझा, म्हणजे मी केलेला, जरा लालसर. विटेच्या अंगानं जाणारा. मला लगेच कळलं काय झालं ते. मी तो ट्यूबलाइटखाली रंगवला होता. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात फितूर होतो, हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तू वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं होतंस.

मी म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कधी जाणवलं?"

"काय?"

"रंग."

त्या थोड्या लाजल्या. चूक जणू त्यांची. म्हणाल्या, "वाचनालयात काही कळत नाही हो, आत दिवेच असतात. बाहेर पायऱ्यांवर उन्हात गेलं की लोक दोनदा बघतात. आधी आम्ही सगळ्या जणी दुपारचा डबा पायऱ्यांवर बसून खायचो. आता मी आतच खाते. मला काय, सवय झाली."

"मग मला सांगायचं नाही का? वर्ष होत आलं!"

त्या पटकन म्हणाल्या, "नाही नाही ताई, तुमची तक्रार नाही. हॉस्पिटलच्या साहेबांनी आधीच सांगितलं होतं, सगळ्यात कमी दरात हाच आहे. म्हटलं, एवढ्या पैशात एवढंच येत असणार. चालायचंच."

चालायचंच.

टिल्लू, त्या बाई वर्षभर एकट्या डबा खातायत आणि वर माझी समजूत काढत होत्या. स्वस्त दर मी ज्यांच्यासाठी लावला म्हणत होते, त्यांतल्याच त्या. सहा हजारांत दिवस भागवायचा म्हणून मी तीन माणसं बसवली, तीन माणसं बसवली म्हणून ऊन पुरलं नाही, आणि ऊन पुरलं नाही ते त्यांच्या वाट्याला आलं. पैसे त्यांनी वाचवले नाहीतच, ते वाचले हॉस्पिटलचे.

मी म्हणाले, "उद्या सकाळी या. परवाही या. नवा करते." त्या म्हणाल्या, "किती द्यावे लागतील?" मी म्हणाले, काही नाही. तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "फुकट नको. फुकटातलं मला कोणाला दाखवता येत नाही." शेवटी ठरलं की माझी चूक म्हणून मी कागदावर लिहून द्यायचं, आणि मग त्या येणार. मी लिहून दिलं. ‘रंग चुकला, चूक डोळा करणारीची’. सही केली. आयुष्यात कामाच्या कागदावर पहिल्यांदाच काही खरं लिहिलं असं वाटलं.

आता आणखी एक खरं लिहायचंय. आज नको. उद्या लिहिते.

५ मार्च

टिल्लू,

उद्या म्हणून तीन दिवस गेले.

मला ठाऊक होतं.

त्या रविवारी तू जेवायला आली होतीस. जेवण झाल्यावर माझ्याच टेबलावर बसून कागद लिहायला घेतलास. मी विचारलं, काय गं लिहितेस? तू शाळेतल्यासारखा हाताचा आडोसा केलास आणि म्हणालीस, "झालं की सांगेन. तुला बघ कशी चकित करते." पहिला कागद खराब झाला, तो तू चुरगाळून टोपलीत टाकलास. दुसरा घडी करून पर्समध्ये ठेवलास आणि शीळ घालत गेलीस.

तू गेल्यावर मी टोपलीतून तो काढला. टेबलाच्या कडेवर घासून सरळ केला.

सुंदर लिहिलं होतंस गं. पहिली बैठक, साचा, रंगकाम फक्त सकाळच्या उजेडात, दिवसाला एकच माणूस, वर्षाचं पॉलिश त्यातच, रंग पसंत पडला नाही तर पुन्हा. वर्षातून चार डोळे ज्यांना खरंच जमत नाही त्यांच्यासाठी पूर्ण फुकट, पण कागदावर त्यांचीही पूर्ण किंमत लिहून. आणि शेवटी बारा हजार.

मी माझ्या मनाला सांगितलं की मला राग आला. पोरगी शेफारली, चार बुबुळं रंगवली नाहीत तोवर बारा. पण राग नव्हता तो, टिल्लू. मी घाबरले होते. तुझे बारा बरोबर असतील तर माझे सहा काय होते? अठरा वर्षं मी काय केलं? मी शिकवलेली, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, जिची वेणी मी घालायची, ती स्वतःला बाराची समजते, आणि मी अजून कोणी किंमत विचारली की जमिनीकडे बघते. तुझा आकडा चुकीचा ठरला पाहिजे होता. तो चुकीचा ठरला असता तरच मी वेडी ठरले नसते.

मंगळवारी फोन आला. मॅनेजर म्हणाले, "तुमच्या बहिणीचा दर आमच्याकडे आलाय, जरा चढा वाटतो. तुमचं काय मत?" त्यांनी तुझा उल्लेख करून विचारलं होतं. मी तुला सांगितलं ते खोटं होतं.

मी म्हणाले, "ती नवीन आहे अजून. मी सहात करते."

ती नवीन आहे अजून. सहापेक्षा हे वाईट होतं. ते तुला आजवर माहीत नव्हतं. मी एकटीच हे वाक्य चार वर्षं सांभाळत बसले होते. तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे हे मला तू दुसरं बुबुळ रंगवलंस तेव्हाच कळलं होतं. मी मॅनेजरांना हे सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.

माफी मागायला आकडा लागत नाही, म्हणून मागते. द्यायची की नाही, तुझं तू बघ.

वाचनालयातल्या बाईंचा नवा डोळा झाला, उन्हातही डाव्याशी जुळणारा. एकच माणूस, दोन सकाळी. बसवला आणि मी त्यांना बाहेर रस्त्यावर नेलं, भर उन्हात उभं केलं, आरसा धरला. त्या आरशात बघेनात, माझ्याकडेच बघत राहिल्या.

ताई

२४ मार्च

माझ्या टिल्लू,

तुझं कार्ड आलं! तुझे भाऊजी फाटकापासून ओरडत आले. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे.

किती वेळा वाचलं ते सांगत नाही. "ताई, खरं लिहिलंस म्हणून लिहिते. माफ केलेलं नाही, करेन का माहीत नाही." हे बरोबर आहे. ह्यापेक्षा गोड काही लिहिलं असतंस तर मला ते खोटं वाटलं असतं. पुढच्या ओळी मी पाठ केल्या. "तासावर लावू नकोस. नीट करायला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळेल असा लाव. आकडा आधी तू सांग आणि मग गप्प बस. तुला गप्प बसणं जमत नाही, तू लगेच ‘पण कमीजास्त होईल हं’ म्हणतेस. म्हणून तोंडात लवंग धर."

तर ऐक. काल गेले होते हॉस्पिटलात. लवंग घेऊन.

मॅनेजरसाहेबांनी चहा मागवला. नेहमीप्रमाणे घरच्यासारखं. मी कागद पुढे केला. त्यांनी आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला.

"ताई, हे बारा आहेत."

मी काही बोलले नाही. लवंग दाढेखाली.

"म्हणजे दुप्पट."

लवंग.

"अहो, निदान काही बोला तरी!"

मग बोलले. म्हटलं, "हा दर माझा नाही. माझ्या बहिणीनं चार वर्षांपूर्वी लावलेला आहे. तेव्हा मी तुम्हाला म्हणाले होते ती नवीन आहे. ते चूक होतं. ती माझ्याहून चांगली होती आणि तिचा दर बरोबर होता. मीच तो पाडला." त्यांना ते काही नीट कळलं नाही. ते म्हणाले, "तुमच्या घरातलं मला काय सांगता? मला वरती उत्तर द्यावं लागतं." खरंच आहे त्यांचं. पण मला ते त्याच माणसापुढे बोलायचं होतं, ज्याच्यापुढे उलटं बोलले होते.

शेवटी असं ठरलं. बहुतेकांना ते बाहेरून तयार डोळे मागवणार, डब्यातून जवळचा रंग निवडून बसवायचे. ज्यांना ते जुळत नाहीत, असे वर्षाला पंचवीस माझ्याकडे. बारानं. तुझे भाऊजी म्हणाले, म्हणजे वर्षाची कमाई कमीच झाली की! म्हटलं, हो, आणि दुपारी उजेड गेला की मी दुकान बंद करणार आहे, तुम्हाला चहा स्वतः करावा लागणार नाही. ते म्हणाले, "मग परवडलं."

 तुला किती वेळा हे असं एकटीनं करावं लागलं असेल, ते बाहेर पायरीवर बसून मनात आणत होते. तू पंचवीस-सव्वीसची होतीस.

तुझी ताई

२० एप्रिल

टिल्लू,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. दुकानात तुझ्या हाताखाली दोन मुली आहेत आणि दोघी तुला ‘मॅडम’ म्हणतात हे वाचून मी मोठ्यानं हसले. मॅडम!

आता हे नीट वाच. हे काम आहे, लाडीगोडी नाही.

माझ्याकडे एक मुलगी आली आहे, सोळा वर्षांची. सायकलवरून पडली, डावा डोळा काढावा लागला. राहिलेला उजवा असा आहे की मी आजवर बघितला नाही. राखाडी, पण राखाडीच्या आत हिरवं, आणि बाहुलीभोवती पिवळट कडं, तुटक तुटक. खालच्या बाजूला एक तपकिरी ठिपका, मोहरीएवढाही नाही. तयार डब्यातलं काही जवळपासही जात नाही.

मी दोनदा रंगवला. पहिला मेलेला वाटला. दुसरा मांजरीचा. मुलगी शहाणी आहे, म्हणाली, "ताई, दुसरा निदान मजेशीर तरी आहे." वडील मान खाली घालून बसले होते.

तपकिरी डोळे मी झोपेतही करीन. फिकट रंगाचा हात माझा कधीच नव्हता, तुझा होता. तू आतला प्रकाश आधी रंगवायचीस आणि रंग नंतर. मी तुला ते शिकवलं नाही, मला येत नाही तर शिकवणार कुठून? हे मी तुला खूश करायला लिहीत नाही. दोन्ही फसलेले डोळे सोबत डबीत पाठवतेय. बघ, म्हणजे खात्री पटेल.

मुलगी आणि तिचे वडील तुझ्याकडे यायला तयार आहेत, दोन दिवस राहतील. साचा मी घेतला आहे, पॉलिशही मी करीन. फक्त बुबुळ तुझं. पैसे तिचे वडील मला माझ्या कामाचे देणार आणि तुला तुझ्या कामाचे, दोन वेगळे कागद. त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "ज्यांना जमतं त्या जेवढे सांगतील तेवढे."

तुझा कागद सोबत आहे. कामाचं सगळं लिहिलंय. दराची जागा कोरी ठेवली आहे. तिथे मी पेन टेकवलेलं नाही, पेन्सिलही नाही. तू भर आणि पाठव.

नाही म्हणायचं असेल तर तेही चालेल. मुलीला मी सांगेन की त्या बाईंना वेळ नाही. पण उत्तर दे.

ताई

३ मे

टिल्लू,

कागद परत मिळाला, फसलेल्या डोळ्यांची डबीही. तू हो म्हणालीस हे आधी वाचलं, आणि खुर्चीवर बसून थोडं रडून घेतलं. मग दराची जागा बघितली.

"तुला योग्य वाटेल ते दे."

आणि खाली बारीक अक्षरात, "हात आता तसा राहिला असेल की नाही, माहीत नाही. चार वर्षं ब्रश धरला नाही."

तो कागद टेबलावर उजेडात ठेवला. तुझे भाऊजी येऊन वाचून गेले. माझ्या डोक्यावर थोपटलं आणि पोस्टाची वेळ विचारायला गेले.

बाळा, हे वाक्य माझं आहे. वीस वर्षं मी लोकांना हेच म्हणत आले, मान खाली घालून, कागदाचा कोपरा दुमडत. हे कुठून येतं ते मला आतून माहीत आहे. ज्या मुलीनं शीळ घालत बारा हजार लिहिले होते तिच्या तोंडी हे कसं आलं, तेही मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला विचारायला नको.

तुझा बंद पडलेला गाळा, गेलेलं काम, ह्याचा मी विचार करायची आणि माझं मन मला म्हणायचं, पगार आहे की तिला, बरी आहे. आज कळलं की मी नेलं ते काम नव्हतंच, ती शीळ होती.

तर कागद सही न करता परत पाठवते आहे. हा दर मला मान्य नाही. मला योग्य वाटेल ते मी एकदा ठरवलं होतं, त्याचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलं. पुन्हा नाही. आकडा तुझ्याच तोंडून आला पाहिजे, मोठ्यानं, आणि तू जमिनीकडे बघत असताना नाही. हात तसा राहिला नसेल तर दोन बुबुळं वाया घालव, तीन घालव, माझीही किती गेली. मुलीला घाई नाही, मी विचारलंय. ती म्हणाली, "मग मी तोवर मांजरीचा घालते."

ह्या पत्रामागोमाग मी निघतेच आहे. मंगळवारी दुपारपर्यंत पोचेन. रंग, ब्रश, लाल रेशीम, सगळं घेऊन येते. स्टेशनवर येऊ नकोस, पत्ता विचारत येईन. दार उघडायचं की नाही हे तू ठरव. उघडलंस तर मी तुझ्या स्वयंपाकघरात एका कडेला बसेन, कांदे चिरून देईन, आणि तू आकडा सांगेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

जमेल मला. लवंगांची पुडी घेतली आहे, अख्खी.

ताई